देवीचा कोप

१९५४ साली मी बेळगावहून बंगळूरला आलो आणि एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. फोटोंचा नाद होता, त्यामुळे महिन्याभरातच तिथल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात जाऊ लागलो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक असायची. ज्याने त्याने आपला मोठा केलेला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून आणायचा, तो दिव्याखाली फळीवर उभा करायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. माझ्या पहिल्या फोटोत एक तळं होतं आणि तळ्यात कमळ. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव चष्मा पुसत म्हणाले, "तळं बरं आहे." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

पुढचा फोटो फळीवर आला आणि हसणं थांबलं.

बाईचे दोन हात होते. अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिची पणती केलेली, आणि वाऱ्यापासून ती ज्योत जपणारे हात. बोटांच्या कडांमधून उजेड पाझरत होता. प्रतापराव खुर्चीतून उठून जवळ गेले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा लंडनला पाठवा."

फोटो रघुपतीचा होता. तिशीतला, सडपातळ, एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. "कुणाचे रे हे हात?" असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "बनशंकरीच्या देवळात एक बाई दिवा लावत होती."

मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्याने त्याच आठवड्यात मला चामराजपेठेतल्या घरी बोलावलं. "आमचे पूर्वज शहाजीराजांच्या मागून इकडे आले," तो म्हणाला, "तीनशे वर्षं झाली, पण घरात मराठीच. कन्नड मिसळते स्वल्प, ते सोड." आम्ही फोटोंबद्दल बोलत बसलो होतो. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून कॉफीचे दोन लोटे पुढे आले, आणि ते धरलेले हात मी तत्काळ ओळखले. मग पडदा सरला.

ती त्याची बायको, कावेरी. चेहऱ्यावर देवीचे वण होते. थोडेथोडके नव्हेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बोटभर जागा सपाट राहिली नव्हती. एका पापणीची कडाही ओढली गेली होती. मी नजर खाली घेतली. ती मात्र सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर कमी असली तर सांगा हं, भाऊजी."

पुढे ओळख वाढली. माझं लग्न झालं, माझी बायको वसुमती आणि कावेरीवहिनी मैत्रिणी झाल्या, आणि हळूहळू सगळं कळलं. लग्न १९४९ चं. लग्नात वहिनी इतक्या देखण्या होत्या, की रघुपतीने पहिला कॅमेरा घेतला तो त्यांचे फोटो काढायला. दोन वर्षांनी, ५१ च्या उन्हाळ्यात, देवी आल्या. जीव वाचला. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा न्हायल्या, त्या दिवशी रघुपतीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कॉलेजला निघून गेला. त्यानंतर तो त्यांच्याशी बोलायचा, सिनेमाला न्यायचा, आजारपणात औषध आणून द्यायचा, पण बोलताना त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी असायची. हे वहिनींनीच वसुमतीला सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही. घरातलं एखादं खिडकीचं दार नीट लागत नाही, हे सांगावं तसं.

आणि तरी रघुपती सतत त्यांचेच फोटो काढायचा. कणीक मळणारे हात, अबोलीचा गजरा ओवणारे हात, रांगोळीवर वाकलेली पाठ आणि वेणी, भिंतीवरची सावली. एकूण एक फोटो मंडळाच्या प्रदर्शनात लागायचा. परदेशी प्रदर्शनांतून परत आलेल्या फोटोंच्या पाठीवर त्या त्या प्रदर्शनाच्या रंगीत चिठ्ठ्यांची दाटी झालेली असायची, आणि वहिनी त्या चिठ्ठ्या कौतुकाने वाचायच्या. हौशी लोकांत बंगळूरच्या रघुपतीचे हात माहीत नाहीत असा माणूस नव्हता. चेहरा कुणी बघितला नव्हता.

५७ च्या प्रदर्शनाला वहिनी पहिल्यांदा आल्या, वसुमतीने ओढून आणल्या म्हणून. कब्बन पार्कजवळचा हॉल होता. मद्रासहून आलेले परीक्षक, पांढरे केस, मोठे सुसंस्कृत गृहस्थ, रघुपतीच्या फोटोंसमोर उभे होते. मी मंडळाचा चिटणीस झालो होतो, म्हणून शेजारीच होतो. परीक्षक इंग्रजीत म्हणाले, "चार वर्षं मी हे हात बघतोय. हात असे, तर बाई कशी असेल! एकदा भेट घडवा."

वहिनी शेजारच्याच पॅनेलपाशी होत्या, सहा-सात पावलांवर. रघुपतीने त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, आणि परीक्षकांना म्हणाला, "शी इज नो मोअर, सर."

परीक्षकांनी डोळे मिटून हात जोडले. रघुपतीनेही मान खाली घातली. आणि मी काय केलं? मी परीक्षकांना म्हणालो, "इकडे या सर, निसर्गचित्रं बघायची राहिलीत."

परतताना रघुपती मागे थांबला होता. आम्ही तिघं जटक्यात बसलो. घोडा चालू लागला. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं इंग्लिश चांगलं. नो मोअर म्हणजे आता नाही, असंच ना?"

"ते... अजून नवे फोटो नाहीत, असं म्हणाला तो," मी म्हणालो.

"हां, सरी. बरं," त्या म्हणाल्या.

वसुमती त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रघुपतीला जाब विचारायला हवा होता. विचारला नाही. तो मंडळातला सगळ्यात मोठा कलावंत होता, आणि माझे फोटो लागायचे ते त्याने बाजू घेतली म्हणून. खरं कारण एवढंच.

अशीच आणखी चार वर्षं गेली. ६१ च्या पावसाळ्यानंतर प्रतापराव युरोपातून परत आले. तिकडे त्यांनी कुठलंसं मोठं प्रदर्शन बघितलं होतं, आणि माणूस पार बदलून आला होता. ऑक्टोबरच्या बैठकीत रघुपतीचा फोटो फळीवर आला. वीणेच्या तारांवर टेकलेली बोटं होती. प्रतापरावांनी तो उचलला, उलटा केला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवून दिला.

"साबणाच्या जाहिरातीला बरा आहे," ते म्हणाले. "जगात माणसं भुकेने मरतायत, युद्धात होरपळतायत, आणि आपण अजून बोटं रंगवतोय. मला खरं दाखवा. दुःख दाखवा. ज्याला ते दिसत नसेल त्याने कॅमेरा विकून पितळी समया घ्याव्यात."

त्याच रघुपतीला ज्यांनी सात वर्षं डोक्यावर घेतलं होतं, ते पंचवीस-तीस जण मनापासून हसले. त्या हसण्यात आनंद होता. मोठा माणूस पडताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. मलाही, थोडंसं.

रघुपती महिनाभर वेड्यासारखा दुःख शोधत फिरला. मार्केटातले भिकारी, देवनहळ्ळीकडचे दगड फोडणारे, हॉस्पिटलच्या पायऱ्या. नोव्हेंबरच्या बैठकीत त्याने पाच फोटो आणले. प्रतापराव म्हणाले, "हे दुरून काढलेत. तुम्हाला यांची भीती वाटते." फोटो परत.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्याने मला घरी बोलावलं. दार वहिनींनीच उघडलं. निळी म्हैसूर सिल्क नेसल्या होत्या, केसांत अबोली, कपाळाला ठसठशीत कुंकू. चेहरा असा उजळलेला, की मी आपण होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो.

"भाऊजी, आज हे माझा फोटो काढणार," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याचा."

रघुपती आतून आला. "हे काय नेसलीस? रोजचं धुवट पातळ नेस. गजरा काढ. कुंकूही पूस, चकाकतं."

"कुंकू?"

"फोटोपुरतं, कावेरी."

त्या आत जाऊन बदलून आल्या. कपाळावर पुसलेल्या कुंकवाचा लालसर डाग तेवढा राहिला होता. खिडकीशी स्टूल ठेवलं होतं. रघुपतीने त्यांना बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून, हनुवटीला बोट लावून चेहरा वळवला. मी सावलीच्या बाजूने पांढरा पुठ्ठा धरून उभा होतो. नेहमीच धरायचो, त्याने उजेड परत फिरतो आणि सावली मऊ होते.

"तो काढ," रघुपती मला म्हणाला.

"काढला तर सगळे खळगे..." मी म्हणालो आणि थांबलो.

"काढ म्हणतो ना."

मी पुठ्ठा खाली ठेवला. खिडकीचा उजेड आता एकाच बाजूने आडवा येत होता, नांगरलेल्या शेतावर सकाळचं ऊन यावं तसा. एकेक वण वेगळा दिसू लागला. वहिनींना हे कळायचं कारण नव्हतं. त्या फक्त त्याच्याकडे बघत होत्या, कारण तो त्यांच्याकडे बघत होता. तासभर बघत होता. जवळ येऊन, लांब जाऊन, मान कलती करून. "स्वल्प इकडे. हां. अशीच. हसू नकोस." त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेली माया होती. ती फोटोबद्दलची होती, पण आवाज ऐकणाऱ्याला ते कसं कळावं?

दहा वर्षांनी नवऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्याच क्षणी खटका वाजला.

मोठा केलेला फोटो त्याने मला आणून दिला. कागदावर धुळीचे पांढरे ठिपके राहतात, ते बारीक कुंचल्याने शाईचा कण लावून बुजवावे लागतात. हे काम नेहमी वहिनी करायच्या. या वेळी त्याने ते मला सांगितलं.

"वहिनींना दाखवलास?"

"प्रदर्शनातच बघू दे."

"रघुपती, नको लावूस हा."

"का?" त्याने खरोखरच न कळून विचारलं. "माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे."

आणि ते खरं होतं. मी तीन दिवस त्या चेहऱ्यावर वाकून धुळीचे ठिपके बुजवले. देवीचे वण तसेच राहिले. प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये त्याने दिलेलं नाव मीच टाइप केलं. त्या इंग्रजी नावाचा मराठी अर्थ एवढाच: देवीचा कोप.

६२ च्या जानेवारीत प्रदर्शन उघडलं. पहिलं बक्षीस त्याच फोटोला. हॉलच्या दर्शनी भिंतीवर तो एकटाच लावला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वहिनी आल्या. निळी सिल्क, अबोली, कुंकू. बरोबर वसुमती, आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका. सगळ्यांना त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन बोलावलं होतं: ह्यांनी माझा फोटो लावलाय, बघायला चला.

बायका बोलत बोलत आत आल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. एकीच्या तोंडून "अय्यो देवा" निघून गेलं. वहिनी बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी खालची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा फोटो. आसपासचे लोक ओळखायला लागले होते. फोटोकडे बघायचे, मग वहिनींकडे, मग परत फोटोकडे, वण ताडून बघितल्यासारखे.

प्रतापरावांना कुणीतरी सांगितलं. ते पुढे आले, वहिनींना लवून नमस्कार केला आणि जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "या डोळ्यांकडे बघा. दहा वर्षांचं दुःख एका थेंबात उभं आहे. याला म्हणतात सत्य."

"दुःख नव्हतं ते," वहिनी म्हणाल्या.

प्रतापराव थांबले. "काय म्हणालात, बाईसाहेब?"

"दुःख नव्हतं. मला आनंद झाला होता. हे माझ्याकडे बघत होते म्हणून."

मला वाटलं, आता कुणीतरी मान खाली घालेल. प्रतापराव मोठ्याने, दिलखुलास हसले. "वा! म्हणजे स्वतःला न कळलेलं कॅमेऱ्याने पकडलं. बाईसाहेब, तुम्हाला काय वाटत होतं त्याला किंमत नाही. चित्रात जे दिसतं तेच खरं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर्तमानपत्राचा माणूस पुढे सरसावला. त्याला फोटोशेजारी वहिनी हव्या होत्या. वहिनी हलल्या नाहीत. रघुपती त्यांच्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हणाला, "उभी राहा ना, कावेरी. एकच मिनिट. सगळे बघतायत."

त्या उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका चौकटीत येत होत्या. त्यांना मी बाजूला केलं. दिवा लखकन चमकला.

तो फोटो दोन दिवसांनी छापून आला. रघुपतीचं नाव झालं, परदेशांतून पत्रं आली, मंडळाने त्याला उपाध्यक्ष केलं. जे हसले होते तेच हार घेऊन पुढे.

पूर्वी वहिनी देवळाखेरीज फारशा कुठे जायच्या नाहीत. आता त्या सगळीकडे जाऊ लागल्या. भाजी आणायला, बसने होसकोटेला भावाकडे, लग्नमुंजींना. कुणी टक लावून बघितलं तर त्याच्यासमोर थांबून म्हणायच्या, "पेपरात बघितलंत ना? तीच मी." समोरचाच पळ काढायचा. आणि घरात, रघुपती खोलीत आला की, पदर डोक्यावरून पुढे ओढून तोंड झाकायच्या. पार हनुवटीच्या खालपर्यंत. त्यांच्या घराण्यात बायका कधी तोंडावरून पदर घेत नसत, सासऱ्यासमोरसुद्धा नाही. वहिनी तो फक्त नवऱ्यासमोर घ्यायच्या. बाकी कशात फरक नव्हता. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, विचारलेल्याला उत्तर.

रघुपतीला आधी गंमत वाटली. मग तो चिडला, भांडला. एकदा पदर खेचायला गेला, तेव्हा त्या नुसत्या भिंतीकडे वळल्या. वर्षभराने तो माझ्याकडे आला आणि व्हरांड्यात बसून रडला.

"उमाकांत, मला तिचा चेहरा आठवत नाही," तो म्हणाला. "लग्नातला आठवायला जातो, तर तो फोटोच समोर येतो. मधला कुठलाच नाही. तू बोल तिच्याशी."

मी गेलो. वहिनींनी कॉफी दिली आणि समोर बसल्या, उघड्या चेहऱ्याने. मी चाचरत विषय काढला. किती दिवस शिक्षा करणार, वगैरे.

"शिक्षा नाही हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं बघितलं नाही, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. वाटायचं, त्रास होत असेल त्यांना. मग एकदा बघितलं. तेव्हा काय बघितलं, ते मी भिंतीवर बघितलं. आता पुरे."

"त्याला पश्चात्ताप झालाय."

"झाला असेल. परवा मी अशी पदर घेऊन खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते, तर मागे कॅमेऱ्याच्या पेटीचा आवाज आला." त्या हसल्या. "मी ताट घेऊन परसात गेले."

त्यांनीच विषय बदलला. होसकोटेच्या भावाने विहीर खणायला घेतली होती, पंचवीस हातांवर खडक लागला, सुरुंग लावावा लागणार, असं सांगत होत्या. फाटकाची कडी वाजली. वाक्य मध्ये न तोडता त्यांनी पदर पुढे ओढला. रघुपती आत आला, चपला काढल्या, समोरच्या खुर्चीत बसला. वहिनींनी त्याच्यासमोर लोटा ठेवला. पदराआडून त्यांचं सांगणं चालूच होतं, की खडकाखाली पाणी आहे असं पाणाड्या म्हणतो, पण भाऊ आता थकला आहे.

रघुपती लोट्यातल्या कॉफीकडे बघत बसला होता. मी निघालो तेव्हा त्याने मान वर केली नाही. पुढल्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही बंगळूर सोडलं. वसुमतीला वहिनींची पत्रं येतात. त्यांत रघुपतीबद्दल एकच ओळ असते: ह्यांची प्रकृती ठीक आहे.